कळवतो

कुळगीला मावशीच्या घरात मोबाईलला रेंज नाही. फाटकाबाहेर पडून दांडेलीहून अंबिकानगरला जाणाऱ्या रस्त्याला लागायचं, शंभरेक पावलं चालायचं, मग एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली दोन कांड्या येतात. घरातल्यांनी त्या झाडाचं नाव ‘एक्स्चेंज’ ठेवलंय. मावशीचा नातू आता बत्तीस वर्षांचा आहे. गेली पाच वर्षं तो त्याच झाडाखाली उभा राहून आपल्या लग्नाचे नकार ऐकतोय. नकार हा शब्द अर्थात कुणी उच्चारत नाही. मुलीचे वडील बोलतात, मामा बोलतात, कधी मध्यस्थ बोलतो, आणि सगळे एकच शब्द बोलतात. कळवतो.

या शब्दावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त मात्र एका सिनेमाचं झालं.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही तिघी जयसिंगपूरहून कोल्हापूरला ‘संगीत मानापमान’ बघायला गेलो. १० जानेवारी २०२५ ला लागला होता, आम्ही दुसऱ्या आठवड्यात गेलो. खेळ दुपारचाच निवडला, कारण आमच्यातल्या एकीचा रात्रीच्या जेवणाचा त्याग आहे, सूर्य बुडायच्या आत डबा उघडायला पाहिजे. सुबोध भावेंचा सिनेमा. दिग्दर्शन त्यांचं आणि धैर्यधरही तेच. भामिनी म्हणजे वैदेही परशुरामी. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. हीच मंडळी २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’च्या वेळीही एकत्र होती, म्हणून आमच्या अपेक्षा जरा जास्तच होत्या. जाताना रिक्षा केशवराव भोसले नाट्यगृहाजवळून गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. जुन्या नाटकावरचा सिनेमा बघायला निघालेल्या आम्ही तिघी त्या भिंतींकडं बघून थोडा वेळ गप्प झालो. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं ते थिएटर. माझ्या आईनं आयुष्यातलं पहिलं नाटक तिथंच बघितलेलं.

नाटक तुम्हाला माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगते, कारण पुढं लागणार आहे. भामिनी श्रीमंताची मुलगी. धैर्यधर शूर, पण पैशानं गरीब. तिला गरिबाचं स्थळ नको असतं, लक्ष्मीधर नावाचा दागिन्यांनी मढलेला श्रीमंत बरा वाटतो. हा लक्ष्मीधर पक्का भित्रा, नाटकातला निम्मा हशा त्याच्यावरच. भामिनी धैर्यधराचा अपमान करते. तो दुखावतो, आणि असल्या श्रीमंत मुलीचं नावही नको म्हणून बसतो. मग भामिनी वनमाला नावाची साधी, गरीब मुलगी होऊन त्याच्या छावणीत जाते आणि माणूस कसा आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तो वनमालेच्या प्रेमात पडतो. आपण जिला झिडकारलं तीच ही, हे त्याला ठाऊक नसतं.

सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे पहिलं संगीत नाटक. त्याआधीचं त्यांचं ‘कीचकवध’ इंग्रज सरकारनं १९१० मध्ये बंद पाडलं होतं. दुसऱ्याच वर्षी हा माणूस प्रेमाचं, रुसव्याफुगव्याचं नाटक घेऊन आला. १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर मंडळीनं मुंबईत पहिला प्रयोग केला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरकडचेच ते. ठुमरी-कजरीच्या अंगानं त्यांनी पदं बांधली, आणि पदं किती, तर पन्नासच्या घरात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं. सिनेमाला तेवढी रात्र मिळत नाही. त्यामुळं काही पदं नव्या वेषात आली, काही गाळली, काही गाणी नव्यानं लिहिली. ते समजण्यासारखं आहे. माझ्या मैत्रिणीला वाद्यमेळ फार झाला असं वाटलं. मला वाटलं नाही. मोठ्या पडद्याला मोठा आवाज लागतोच.

मला खटकलं ते वेगळंच. सिनेमात चंद्रविलास आहे. सुमीत राघवननं काम झकास केलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा महत्त्वाकांक्षी, कारस्थानी माणूस मध्ये आला की भामिनीच्या चुकीतला एक वाटा आपोआप त्याच्या पदरात जातो. खलनायक आला की नायिकेला सोपं होतं, बघणाऱ्यालाही सोपं होतं. मूळ नाटकात भामिनीला एवढं हुशार कुणी फसवत नाही. लक्ष्मीधर काय फसवणार, त्याला स्वतःचे दागिने सांभाळता येत नाहीत! भामिनी चुकते ती स्वतःच्या तोऱ्यानं. न बघता, नुसत्या ऐकीव वर्णनावर तिनं एक माणूस मोडीत काढलेला असतो. ते तिचं तिला निस्तरावं लागतं, म्हणून ती छावणीत जाते. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय खाडिलकरांनी ठेवली नव्हती.

वेषांतराचंही तसंच. रंगभूमीवर दहाव्या रांगेतून बघताना ‘हिला तो ओळखत कसा नाही?’ असा प्रश्न पडत नाही. कॅमेरा चेहऱ्याशी येऊन बसला की पडतो. बालगंधर्वांच्या काळी तर भामिनी म्हणजे एक पुरुष, तो परत वनमाला झालेला. म्हणजे एका सोंगावर दुसरं सोंग, आणि प्रेक्षक दोन्ही मान्य करून बसलेले. बायका त्या सोंगाचं लुगडं बघायच्या आणि घरी जाऊन तसंच नेसायच्या.

तर हा सिनेमा मी फेब्रुवारीत मावशीला सांगितला.

बेळगाव, खानापूर, हल्याळ करत दांडेली आणि तिथून पुढं बारा किलोमीटरवर कुळगी. वनखात्याचा निसर्ग शिबिराचा तळ आहे तिथं, तंबू आहेत, शाळेच्या सहली येतात. सगळा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाचा. मावशी १९६६ साली निपाणीहून इथं लग्न होऊन आली. काका बांबूच्या कंत्राटदाराकडं हिशेब लिहायचे. दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू लागायचा, आणि बांबू या जंगलात. पुढं कंत्राट संपलं, बांबूतोड संपली, काकाही गेले, पण मावशी हलली नाही. मुलगा-सून अंबिकानगरात नोकरीला होते, आता निवृत्त होऊन इथंच असतात. नातू धारवाडला शिकला, हुबळीत चार वर्षं नोकरी केली आणि परत येऊन घराशेजारी चार खोल्या बांधल्या. पाहुणे येतात, काळी नदीत तराफ्यावर जातात, धनेश बघतात. घरात शुद्ध शाकाहार, कांदा-बटाटासुद्धा नाही. जंगलात येणाऱ्या पाहुण्याला कोंबडी आणि बाटली लागते, ती इथं मिळत नाही म्हटल्यावर निम्मे फाटकातूनच मागं फिरतात. गुजराती कुटुंबं मात्र शोधत येतात. पोट भरतं त्याचं. फार नाही, पण भरतं.

स्थळांचं गाडं अडतं ते इथं. मुलगी विचारते, नेट आहे का? आई विचारते, दवाखाना किती लांब? आजी विचारते, दर्शनाला बस्ती कुठं? आणि वडील काही विचारत नाहीत, ते ‘कुळगी’ हे नाव गूगलवर बघतात. सगळीकडं हिरवंगार दिसतं, मधून एक रस्ता, आणि वाघाचं चित्र. की संपलं. वधू-वर मेळाव्यात पोरगा स्टेजवर उभा राहून नाव, शिक्षण, गोत्र, उंची सांगतो तोवर ठीक चालतं, गाव सांगितलं की माइकपुढची शांतता बदलते. मी एका मेळाव्यात त्याच्याबरोबर होते, म्हणून सांगते.

त्या संध्याकाळी वीज गेलेली. पाचच्या आत आमची जेवणं उरकली होती. मावशी सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, मी शेजारी, आणि नातू पायरीवर. धनेशांची एक जोडी समोरून पलीकडच्या झाडीत गेली. त्या पंखांचा आवाज किती मोठा असतो ते ऐकल्याशिवाय कळत नाही, जुन्या आगगाडीसारखा धापा टाकत जातो. नातू म्हणाला, आता मादी ढोलीत बसेल. ढोलीचं तोंड लिंपून घेते, फटीएवढं ठेवते, आणि पिलं होईतो नर बाहेरून चारा आणून घालतो. मावशी म्हणाली, “तिला तरी जागा बघून बसाय मिळतंय.” मग माझ्याकडं वळली. “हं, सांग आता पिक्चर.”

तिला नाटक माहीत होतं. लहानपणी बेळगावला कुठल्याशा मंडळीचा प्रयोग मामानं दाखवला होता. पदं तिला रेडिओवरून पाठ. मी सांगायला लागले की ती मधेच थांबवायची, “आता इथं पद आलं असंल बघ.” कधी आलेलं असायचं, कधी गाळलेलं. गाळलेलं असलं की ती “अय्या” म्हणून मांडीवर हात मारायची. नातवाच्या फोनवर त्या सिनेमातलं एक गाणं उतरवून ठेवलेलं निघालं, ते त्यानं लावलं. मावशीनं पुरतं ऐकलं. म्हणाली, “चांगलंय की गं. पण गाडी पकडायची असल्यागत म्हणतोय.”

मी तिला संयुक्त मानापमानाची गोष्टही सांगितली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकत्र आले, हा धैर्यधर, तो भामिनी, आणि पहिल्या रांगेचं तिकीट शंभर रुपये. त्या काळचे शंभर! केशवरावांनी आपली ललितकलादर्श मंडळी १९०८ साली काढली ती हुबळीत, म्हणजे कुळगीहून दोन-अडीच तासांवर, हे ऐकून मावशी खूश झाली. त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतीस वर्षांचे होते. मग मी दुसरी, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगितली. १९११ च्या त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली, तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. आमच्या शाळेत मास्तर ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेसाठी सांगायचे. मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आणि त्या पोरीची आई त्या रात्री कुठं होती?”

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, पण हे विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

नंतर मी भामिनीच्या अपमानावर आले. माझं ते चंद्रविलासाचं मत तिला ऐकवलं. तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही. तिचं डोकं दुसरीकडंच चाललेलं.

“तिनं अपमान केला हे बरं केलं,” ती म्हणाली.

“बरं कसं?”

“अगं, बोलली तरी. तू दरिद्री हाईस, मला नको, असं म्हणाली. त्याला राग आला, तो हटून बसला, म्हणून पुढचं नाटक झालं. ती नुसती ‘कळवतो’ म्हणाली असती तर? पडदाच पाडायचा की. हा अजून छावणीत बसला असता फोनची वाट बघत.”

नातू हसला. मी नाही हसले. कारण मला एक गोष्ट आठवली, जी मी त्या सोप्यात बसलेल्या दोघांनाही कधी सांगितली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मला फोन केला होता. मुलगी शिकलेली, वनस्पतिशास्त्राची पदवी, सरळ स्वभावाची. त्यांना कुणीतरी कुळगीचं स्थळ सांगितलं होतं. तुमच्या मावशीचंच घर ना, म्हणून मला विचारलं. “कसं आहे हो घर?” मी म्हणाले, “घर चांगलं आहे. माणसं तर फारच चांगली. पण…” आणि थांबले. पणच्या पुढं मी एक शब्द बोलले नाही. खोटं काही बोलले नाही, निंदा केली नाही, ‘देऊ नका’ म्हणाले नाही. फक्त थांबले. त्या म्हणाल्या, “समजलं.” दुसऱ्या आठवड्यात नातवाला एक्स्चेंजच्या झाडाखाली त्यांचा फोन आला, कळवतो म्हणून.

का थांबले? याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा वेगवेगळं दिलंय. एक म्हणजे, मुलगी सुखात राहावी. पुढं काही कमीजास्त झालं तर बोल माझ्यावर नको, हे दुसरं. खरं उत्तर हेच की मी स्वतः चार दिवसांच्या वर कुळगीत कधी राहिलेली नाही. चौथ्या दिवशी मला बाजार आठवतो, दिवे आठवतात. मी माझ्या मनातलं माप त्या मुलीला लावलं. तिला विचारलं नव्हतं. तिनं शिकलेलं शास्त्र झाडांचं होतं, हेसुद्धा मला नंतर सुचलं.

त्या रात्री मी ते सांगून टाकलं. वीज अजून आली नव्हती, अंधारात सांगायला बरं पडलं. नातू पायरीवरून उठला नाही, वळलाही नाही. मावशीनं विचारलं, “पण म्हणून थांबलीस?”

“हो.”

“आणि पुढं काय म्हणायचं होतं?”

“माहीत नाही.”

“मग तेवढंच सांगायचं होतंस, पुढचं मला माहीत नाही म्हणून.”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. उलट स्वतःचं सांगायला लागली. तिला बघायला काका आले तेव्हा तिनं त्यांचे फक्त पाय बघितले होते, वहाणा काढताना. आमच्यात कांदेपोहे नसतात, नुसते पोहे. ते ठेवून आत गेली. गाव कुठलं म्हणून तिनं आईला विचारलं, तर आई म्हणाली, दांडेलीकडं. पुढं कुळगी म्हणून काही आहे हे तिला बैलगाडीत बसल्यावर कळलं. पहिल्या महिन्यात रोज रडली. सांबराच्या ओरडण्याला भ्यायची. “मला कुणी विचारलं असतं तर मी नकोच म्हणाले असते,” ती म्हणाली. “आणि मग हे सगळं दिसलं नसतं. दोन्ही खरंय की. तू एकच धरू नको.”

मी दोन्ही धरायचा प्रयत्न करतेय, अजून जमत नाही. न विचारता आणून टाकलेल्या मुलीला पुढं गोडी लागली, एवढ्यावरून न विचारणं चांगलं ठरत नाही. आणि विचारून मिळालेला नकार नुसत्या ‘कुळगी’ या शब्दाला असेल, तर त्याला निवड तरी कसं म्हणायचं? खाडिलकरांनी भामिनीला दोन्ही मिळवून दिलं. आधी नकाराचा हक्क, आणि मग जाऊन बघायची वाट. आमच्या मेळाव्याच्या पुस्तिकेत त्या दुसऱ्या गोष्टीला रकाना नाही.

नातू शेवटी बोलला तो भलतंच. “आत्या, खरं सांगू? मलाही त्या शहरातल्या पोरी नकोच होत्या. फोन आला की मला सुटल्यागत वाटायचं. ह्या येणार, पहिल्या दिवशी फोटो काढणार, आठव्या दिवशी तोंड वाकडं करणार.”

“किती जणी आल्या होत्या इथं?” मी विचारलं.

“एकही नाही.”

“मग आठव्या दिवसाचं तुला कसं ठाऊक?”

तो गप्प. धैर्यधरही हेच करतो बघा. भामिनीनं गरीब म्हणून मोडीत काढलं, त्यानं श्रीमंत म्हणून. नाटक तिच्या तोऱ्याचं म्हणून ओळखलं जातं, पण तोरा त्यालाही आहेच, फक्त त्याच्या तोऱ्याला स्वाभिमान म्हणायची पद्धत पडलीय. सिनेमा बघताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुळगीच्या पायरीवर आलं.

मावशीनं मग तोडगा काढला. ती मुलगी अजून बिनलग्नाची आहे का? मी म्हटलं, आहे असं ऐकलंय. “मग तिला बोलाव. स्थळ म्हणून नको. पाहुणी म्हणून येऊ दे, आईला घेऊन, खोलीचं भाडं देऊन. झाडं बघायची म्हणून यावं. हा तिला रान दाखवील तसं सगळ्यांना दाखवतो, जास्त नाही, कमी नाही. चार दिवस राहू दे. मग तोंडावर नको म्हणू दे, मी स्वतः पोळ्या बांधून देईन वाटेला.”

“वनमाला,” मी म्हटलं.

“व्हय. पण नाव बदलायला नको. आणि ह्यालाबी आधी सांगून ठेवायचं, सोंग नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच एक्स्चेंजला गेले. रस्त्यावर धुकं होतं. दोन कांड्यांच्या एक व्हायची, एकीच्या दोन. त्या बाईंनी फोन उचलला. आधी मी दोन वर्षांपूर्वीच्या त्या ‘पण’ची माफी मागितली. पुढं मला काही म्हणायचं नव्हतं, माझीच भीती होती ती, असं सांगितलं. त्यांना काही आठवेना. “अहो, कुठला पण?” म्हणाल्या. मी इतके दिवस उरात बाळगलेलं त्यांच्याकडं नोंदलेलंसुद्धा नव्हतं. त्यांनी घरी विचारलं होतं, नवऱ्यानं नकाशा बघितला होता, एवढंच. मुलीला विचारलं होतं का? थोडं थांबून त्या म्हणाल्या, तिची परीक्षा होती तेव्हा.

मग मी मावशीचा निरोप दिला, जसाच्या तसा, भाड्यासकट. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं, रेंज गेली. मी झाडाच्या दुसऱ्या बाजूला सरकले.

“तिला विचारते,” त्या म्हणाल्या. आणि मग, सवयीनं असेल, “कळवते हं.”

घरी आले तर मावशी तांदूळ निवडत बसलेली. नातू गाडी पुसत होता, अकरा वाजता पाहुणे यायचे होते. दोघांनीही काही विचारलं नाही. मीही सुपातले थोडे तांदूळ माझ्याकडं ओढून घेतले.